उसना नायक आणि लांबत गेलेली कादंबरी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन स्वतःची दीर्घ कादंबरी लिहिणे, म्हणजे ज्याला आता सर्रास फॅन फिक्शन म्हटले जाते ते लेखन, हा तो विषय. पत्रे थोडी संक्षिप्त करून देत आहे.

प्रश्न : मी शेरलॉक होम्सवर मराठीत दीर्घ कादंबरी लिहीत आहे. रायखेनबाखच्या धबधब्यात मेल्याचे भासवून होम्स तीन वर्षे अज्ञातवासात होता, त्या काळात, १८९३ च्या पावसाळ्यात, तो सिगरसन नावाच्या नॉर्वेजियन प्रवाशाच्या रूपाने मुंबईत येतो अशी कल्पना आहे. कस्टम हाऊसमधला एक मराठी कारकून त्याचा दुभाष्या होतो. ८० हजारांहून अधिक शब्द झाले आहेत. सुरुवातीची प्रकरणे झरझर झाली, आता मात्र कथा हलत नाही. होम्स बोलतो, निरीक्षण करतो, निष्कर्ष काढतो, पण लिहिताना मलाच कंटाळा येतो. मुंबईचे वर्णन फार झाले आहे असेही मित्र म्हणतात. हा खर्डा सोडून द्यावा, की कसाबसा शेवटापर्यंत न्यावा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : खर्डा सोडून देण्याचे कारण नाही. मात्र आहे त्याच पद्धतीने लिहीत राहिलात तर आणखी तेवढेच शब्द लिहूनही तुम्ही याच जागी असाल असे मला वाटते, कारण तुमची अडचण चिकाटीची नसून रचनेची आहे.

तुम्ही निवडलेल्या तीन वर्षांत होम्सचा मित्र आणि त्याच्या कथांचा निवेदक वॉटसन नाही. मूळ साहित्यात ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या आहेत. त्यांपैकी केवळ चार कथा वॉटसनच्या निवेदनाबाहेरच्या आहेत. दोन तृतीयपुरुषी आहेत आणि १९२६ मध्ये आलेल्या दोन होम्सने स्वतः सांगितलेल्या आहेत. त्या चारही कथा सलग वाचून पाहा. स्वतः लेखणी हाती घेतल्यावर होम्सलाही कबूल करावे लागते, की वाचकाचे मन गुंतेल अशा रीतीनेच हकीकत मांडावी लागते. आयुष्यभर वॉटसनच्या रंगतदार लेखनाला नावे ठेवणाऱ्या माणसाची ही कबुली आहे. होम्सच्या डोक्यात शिरून लिहिणाऱ्या लेखकापुढे दोनच वाटा उरतात. त्याने जे पाहिले ते वाचकाला लगेच सांगावे, तर रहस्य संपते. ते दडवून ठेवावे, तर लबाडी दिसते. लघुकथेत ही ओढाताण खपून जाते, पण तुम्ही ती ८० हजार शब्द चालवली आहे. कंटाळा येणे स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि होम्सवर लांब लिहू पाहणारे बहुतेक जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. होम्सचा जनक असलेल्या खुद्द कॉनन डॉयलने चार वेळा कादंबरीचा पल्ला घेतला आणि चारही वेळा होम्सला बऱ्याच पानांसाठी बाजूला सारले. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’चा मोठा भाग युटाच्या वाळवंटात घडतो, ‘द व्हॅली ऑफ फिअर’चा उत्तरार्ध पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात, ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आग्र्याच्या किल्ल्याची जुनी हकीकत एक कैदी सविस्तर सांगतो, आणि ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये होम्स लंडनलाच राहिला असे समजून वॉटसन एकटा डार्टमूरच्या माळावर वावरतो. अचूक तर्क करणारा माणूस सतत समोर असेल तर कोडे फार काळ टिकत नाही हे डॉयलने ओळखले होते. म्हणून त्याने लांबी मिळवली ती इतरांच्या भूतकाळातून, नाहीतर होम्सच्या गैरहजेरीतून. तुमच्या कादंबरीत होम्स पहिल्या पानापासून प्रत्येक खोलीत हजर आहे. त्याला दोन-तीन प्रकरणांसाठी निघून जाऊ द्या. तो कोठे गेला हे वाचकालाही कळू देऊ नका.

उसन्या पात्रावर कादंबरी लिहिणाऱ्याला आणखी एक बंधन असते: पलीकडचे टोक आधीच बांधलेले असते. १८९४ च्या वसंतात होम्सला लंडनला परतायचे आहे आणि तो जसा होता तसाच परतला पाहिजे, कारण पुढच्या कथा तशाच लिहिलेल्या आहेत. म्हणजे मुंबईत त्याच्यावर काहीही गुदरले तरी त्याच्यात मूलभूत बदल तुम्हाला दाखवता येत नाही. आणि ज्याच्यात काहीच बदलत नाही अशा माणसाभोवती चार-पाचशे पाने उभी राहणे कठीण असते. मग बदल कोणात होणार? तुमच्या पत्रात त्याचे उत्तर आहे, तुम्ही त्याला केवळ दुभाष्याच्या कामावर ठेवले आहे.

कादंबरी कारकुनाच्या तोंडून सांगून पाहा. हा नॉर्वेजियन साहेब कोण आहे हे त्याला ठाऊक नाही, वाचकाला मात्र पहिल्या भेटीतच ठाऊक होते. या अंतरावर पुष्कळ पाने उभी राहू शकतात. होम्सच्या कथा १८९१ च्या जुलैपासून ‘द स्ट्रँड मॅगझिन’मध्ये येत होत्या. तुमचा कारकून इंग्रजी शिकलेला आहे, तेव्हा साहेबांनी वाचून टाकलेले अंक त्याच्या हाती पडणे अगदी शक्य आहे. ज्याच्या गोष्टी तो रात्री कंदिलाच्या उजेडात वाचतो तोच दिवसा त्याच्या शेजारी चालतो आहे आणि हे त्याच्या लक्षात येत नाही, किंवा येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. होम्सच्या मृत्यूची कथा डिसेंबर १८९३ च्या अंकात आली. तो अंक टपालाच्या बोटीने मुंबईला पोहोचेपर्यंत सिगरसन केव्हाच पुढे निघून गेलेला असेल. त्या अंकाचे काय करायचे हे तुम्ही ठरवा. कादंबरी तुमची आहे.

मुंबईच्या वर्णनाबाबत तुमच्या मित्रांशी मी निम्मा सहमत आहे. १८९३ ची मुंबई हा मोठा मोह आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस नवेकोरे, महापालिकेची इमारत त्याच वर्षी पुरी झालेली, तानसाचे पाणी आदल्याच वर्षी शहरात आलेले, ट्राम घोड्यांची, रस्त्यावर गॅसचे दिवे. तुम्ही हे सगळे अभ्यासले आहे आणि अभ्यासलेले वाया जाऊ नये असे वाटते. पण जी माहिती कोणाच्या तरी मार्गात आडवी येत नाही, तिला कादंबरीत जागा देऊ नये. उदाहरणादाखल, त्या काळी शहर मुंबई वेळेवर चालत असे आणि रेल्वे मद्रास वेळेवर, आणि दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक होता. ही माहिती परिच्छेदभर समजावून सांगितली तर वाचक पान उलटेल. साक्षीदार म्हणतो, की आठ वाजता तो माणूस माझ्यासमोर होता, आणि कारकून विचारतो, की कोणते आठ. एवढ्यात एक प्रकरण उभे राहते. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. तुमचे कथानक त्याच पावसाळ्यात घडत असेल तर ती टाळता येणार नाही आणि केवळ पार्श्वभूमी म्हणूनही वापरता येणार नाही. कारकून कोणत्या वस्तीत राहतो, हे निदान त्या आठवड्यापुरते तरी जिवावरचे ठरेल. उलट तुमचा होम्स बोटांच्या ठशांवरून गुन्हेगाराची नोंद पोलिसांच्या दप्तरात शोधत असेल तर ते काढा. तसे दप्तर असलेली कचेरी कलकत्त्यात १८९७ मध्ये सुरू झाली.

झालेल्या शब्दांपैकी संवाद बहुधा टिकतील, वर्णने निम्म्याने जातील, होम्सच्या मनातले विचार जवळजवळ सगळे जातील. पहिल्या प्रकरणापासून दुरुस्ती करीत येऊ नका. जेथे अडला आहात तेथूनच निवेदक बदला, शेवट गाठा आणि मग मागे या. मध्येच आवाज बदललेला खर्डा दिसायला विचित्र दिसेल, पण तो तुमच्याखेरीज कोणी पाहणार नाही.

प्रश्न : महाभारतातल्या युयुत्सूवर मी मोठी कादंबरी लिहीत आहे. प्रत्येक प्रसंगाला दोन-तीन वेगवेगळी रूपे सापडतात आणि माझे लेखन थांबते. मयसभेत द्रौपदीने दुर्योधनाला ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ असे म्हटले आणि ते युयुत्सूने ऐकले, यावर माझा पूर्वार्ध उभा आहे. आता एक स्नेही म्हणतात, की हे मूळ महाभारतात नाहीच. पौराणिक कादंबरीला फॅन फिक्शन म्हटलेले वडिलांना आवडत नाही, तोही एक वाद घरात आहे. — एक वाचिका, सोलापूर

उत्तर : घरातला वाद तुम्ही आपसात मिटवा. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अडचणी त्याच आहेत, फक्त येथे मूळ लेखकाला पत्र लिहून विचारण्याची सोय नाही.

स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेली संहिता, पाहा. तिच्या सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक हसतात. द्रौपदीच्या तोंडी ते वाक्य नाही. स्वयंवरात तिने कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा भागही त्या आवृत्तीने मूळ संहितेत ठेवलेला नाही. व्यासांचा लेखनिक झालेला गणपती सुद्धा परिशिष्टात गेला आहे. ते वाक्य ऐकत आपण सगळे वाढलो, हेही तितकेच खरे आहे, आणि कीर्तनातून, नाटकांतून, कादंबऱ्यांतून व दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचलेले महाभारत खोटे ठरवण्याचा अधिकार मी तरी स्वतःकडे घेणार नाही.

तेव्हा प्रश्न कोणते रूप खरे हा नसून तुमची कादंबरी कोणत्या महाभारतात घडते हा आहे, आणि तो एकदाच सोडवायचा आहे. प्रत्येक प्रसंगाला नव्याने सोडवायला बसलात तर कादंबरी संपणार नाही. माझा सल्ला असा, की कणा चिकित्सक आवृत्तीचा ठेवावा आणि लोकपरंपरेतले जे प्रसंग हवे असतील त्यांची यादी एका वहीत करून, प्रत्येकापुढे तो कशासाठी हवा हे एका वाक्यात लिहावे. ज्याच्यापुढे वाक्य सुचत नाही तो प्रसंग वगळावा. ही वही लेखनाच्या टेबलावर ठेवा, संदर्भग्रंथ मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. लिहिताना शंका आली तर समासात खूण करून पुढे जा आणि आठवड्यातला एक दिवस केवळ खुणा तपासण्यासाठी राखा. संशोधन आणि लेखन एकाच बैठकीत करणाऱ्यांचे संशोधन नेहमी पुरे होते, लेखन होत नाही.

मयसभेच्या वाक्याबद्दल एक सुचवतो. युयुत्सू हा धृतराष्ट्राचाच, पण वैश्य स्त्रीपासून झालेला पुत्र. युद्धाच्या तोंडावर तो पांडवांकडे गेला, युद्धातून जिवंत राहिला आणि पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताच्या राज्याची देखरेख त्याच्यावर सोपवली गेली. म्हणजे पुढच्या पिढीला काय घडले ते सांगणारा, दोन्ही बाजू आतून पाहिलेला माणूस तो आहे. त्याने ते वाक्य स्वतः ऐकलेले नाही. ते उच्चारलेच गेले नव्हते. आणि तरी म्हातारपणी हस्तिनापुरात प्रत्येकाच्या तोंडून तेच त्याला ऐकावे लागते, असे झाले तर? तुमचा पूर्वार्ध मोडणार नाही, फक्त त्याचे वजन द्रौपदीवरून अफवेवर जाईल. एक ‘आंधळ्याचा पुत्र’ तोही आहे हे विसरू नका. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही याचे मला नवल वाटले.

प्रश्न : एका गाजलेल्या मालिकेतल्या दोन दुय्यम पात्रांवर मी दर आठवड्याला एक प्रकरण प्रसिद्ध करते. वाचक पुष्कळ आहेत, पण त्यांना दोघांचे लग्न हवे आहे आणि माझ्या मनात दुरावा आहे. पुढचा भाग उशिरा आला की रागाचे निरोप येतात. आता लिहायला बसले की छातीत धडधडते. — एक वाचिका, नागपूर

उत्तर : धडधड वाचकांच्या मागणीमुळे होत नसून हातात शिल्लक प्रकरणे नसल्यामुळे होत आहे. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. संपादक तेच आणि कादंबरीकारही तेच, त्यामुळे उशिराची सबब सांगायची तर स्वतःलाच सांगावी लागे. तेवढ्या मोठ्या लेखकाच्याही काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. क्रमशः लेखनात छापून गेलेले प्रकरण परत घेता येत नाही, आणि तिसऱ्या प्रकरणात सहज लिहिलेली एखादी गोष्ट तिसाव्या प्रकरणात अंगावर येते.

दोन महिने विश्रांती जाहीर करा आणि परतण्याची तारीख सांगू नका. त्या काळात शेवटची सात-आठ प्रकरणे आधी लिहा, मधली नंतर. शेवट लिहून झालेला असला की वाचकांचे निरोप केवळ उत्सुकता म्हणून वाचता येतात. तो लिहिलेला नसला की तेच निरोप हुकूम वाटतात. काही वाचक या काळात निघून जातील, आणि त्यांना थोपवण्यासाठी मधेच एखादे प्रकरण देऊ नका.

दुराव्याविषयी मात्र वाचकांचे थोडे ऐकावे असे मला वाटते. त्यांना लग्न हवे आहे याचा अर्थ तुमच्या आतापर्यंतच्या प्रकरणांनी तसे वचन दिले आहे. दुरावा अटळ वाटावा असे तुम्ही अद्याप काही पेरले आहे का, हे मागची प्रकरणे वाचून तपासा. पेरले नसेल तर तो शेवट वाचकांना फसवणूक वाटेल, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

प्रश्न : फास्टर फेणे आज साठीचा असता तर कसा असता, यावर माझी कादंबरी जवळजवळ पूर्ण झाली आहे. ती पुस्तकरूपाने काढता येईल का? पात्राचे नाव बदलले तर चालेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून ६० वर्षे टिकतो. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत २००१ मध्ये वारले, म्हणजे हे हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले गेले असतील त्यांच्याकडे राहतील. ठाण्याच्या वाचकांना ही चिंता नाही, कारण डॉयल १९३० मध्ये वारला. हरिभाऊ आपट्यांच्या पात्रांवरही कोणी खुशाल लिहावे. फॅन फिक्शनला म्हणून वेगळी सूट या कायद्यात नाही. शिवाय कलम ५७ नुसार, कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाधा येत असेल तर हरकत घेण्याचा हक्क त्याला आणि त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींना आहे. तुमचा साठीचा फेणे दारू पितो असे तुम्ही लिहिले आहे. ही हरकत नेमकी तेथे येईल.

स्वतःपुरते लिहून पाच मित्रांना वाचायला देण्याने कोणी दारात येणार नाही. पुस्तक काढायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. मूळ पुस्तकांच्या प्रकाशकांमार्फत वारसांकडे पत्र पाठवा, सोबत दोन पानांचा सारांश आणि एक प्रकरण जोडा, संपूर्ण बाड पाठवू नका.

नाव बदलण्याचा मार्ग तुम्ही समजता तितका सोपा नाही. नाव बदलून सायकल, फुरसुंगी हे गाव, तोंडातला ‘ट्टॉक्’ आणि विद्याभवन ही शाळा तसेच ठेवले तर वाचक पहिल्या पानावर ओळखेल आणि वकीलही ओळखेल. हे सगळे काढल्यावर साठीचा, एकेकाळी धाडसी असलेला, आता गुडघे दुखणारा एक माणूस उरतो. तुम्ही पाठवलेल्या नमुना प्रकरणात मला तोच जास्त आवडला, विशेषतः जिना चढताना तो मध्येच थांबून कोणीतरी पाठलाग करीत असल्याचे निमित्त करतो तो प्रसंग. परवानगीचे पत्र पाठवाच, आणि उत्तर येईपर्यंत त्या माणसाला दुसरे गाव, दुसरे बालपण देऊन तेच प्रकरण पुन्हा लिहून बघा.